दादाने भरलेलं तेल

शेवटी तेल रस्त्यावर सांडलं. थोडंथोडकं नाही, सगळं. चढाच्या माथ्यापासून बेकरीच्या वळणापर्यंत त्याची बारीक काळी रेघ उमटली, आणि रेघ जिथे संपली तिथे एक निवृत्त माणूस गुडघे टेकून ते ओंजळीने गोळा करत होता.

तर हे झालेलंच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. त्या घरातले तिघेही तसंच धरून चालतात, मग आपण बाहेरच्यांनी कशाला वेगळा सूर लावायचा? तेल सांडलेलं नाही. तेल गाडीत आहे, गाडी गॅरेजात आहे, आणि गॅरेजाच्या दारात बाबा स्टूल टाकून बसले आहेत.

गाडीचं नाव बेडकी. दोन दारं, बुटकी, रुंद, आणि पुढचे दोन दिवे असे बटबटीत वर आलेले की समोरून बघणाऱ्याला वाटावं, हिला आत्ताच कुणीतरी वाईट बातमी दिली आहे. एकेकाळी ती शर्यतीत धावायची म्हणे. इतर गाड्यांचं सामान जिथे असतं तिथे हिचं इंजिन, आणि इंजिन जिथे असायला हवं तिथे एक जादा चाक आणि दादाची छत्री. पाण्याचा रेडिएटर हा प्रकार हिला ठाऊकच नाही. इंजिन गार राहायचं ते वाऱ्याच्या आणि तेलाच्या भरवशावर.

दादा म्हणजे त्या घरातला थोरला. धाकटी जन्मली तेव्हापासून आई-बाबाही त्याला दादाच म्हणायला लागले, त्यामुळे तो चार वर्षांचा असतानाच सगळ्या घराचा वडीलधारा झाला. बेडकी त्याने भंगारातून आणली, आणि पुढची कित्येक वर्षं सुटीचा प्रत्येक दिवस तिच्याखाली झोपून काढला. आई म्हणायची, "लग्न कर म्हटलं तर हा गाडीखाली शिरतो." आई अतिशयोक्ती करत नव्हती. एकदा मुलीकडची माणसं बैठकीत बसलेली असताना तो खरोखर गाडीखाली होता, आणि त्यांना जाताना फक्त त्याचे पाय दिसले. पाय त्यांना पसंत पडले होते, पण तेवढ्यावर पुढे काही ठरलं नाही.

एका सुटीच्या दिवशी त्याने बेडकीचं तेल बदललं. त्याच आठवड्यात ऑफिसच्या जिन्यात तो बुटाची नाडी बांधायला बसला आणि उठलाच नाही. लोक बाजूने जात राहिले. नाडी बांधणाऱ्या माणसाला थांबून काय विचारायचं? डॉक्टर म्हणाले, हृदय. बाबा म्हणाले, "त्याचं? त्याचं तर चांगलं होतं."

दादाचे कपडे वाटले गेले, खोलीत धाकटीची अवजारं आली, फोन नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला. तो दुसरा कुणी फार सभ्य होता. बाबांनी चुकून फोन लावला की म्हणायचा, "नाही काका, मी तो नव्हे," आणि मग उगाच हवापाण्याची चौकशी करायचा. उरलं ते तेल. दादाने स्वतःच्या हाताने डबे फोडून भरलेलं, आणि अजून त्याच इंजिनात फिरत असलेलं.

बाबा दर सुटीला बेडकी बाहेर काढायचे. पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ हा दादाचा आवडता रस्ता. पण आता अर्ध्या चढावरच तेलाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत जायचा, मागून करपलेला वास यायचा, आणि बाबा गाडी वळवून घरी आणायचे. घरी आल्यावर आई विचारायची, "जाऊन आलात?" बाबा म्हणायचे, "जवळजवळ."

मिस्त्रीने तेलाची पट्टी उपसून बोटांत चोळून बघितली. हा मिस्त्री दादाचा जुना मित्र, बेडकीला दादाइतकंच ओळखणारा.

"साहेब, हे तेल राहिलेलं नाही. याचं डांबर झालंय."

"डांबराला काय झालं?" बाबा म्हणाले. "मी आयुष्यभर डांबरावरच जगलोय."

ते खरंच होतं. बाबांची सगळी नोकरी रस्ते खात्यात गेली, तीही नागरिकांच्या अर्जांना उत्तरं लिहिण्याच्या टेबलावर. 'आपली विनंती काळजीपूर्वक तपासली असता, ती मान्य करणे शक्य नसल्याचे दिसून येते.' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा लिहिलं होतं की घरात कुणी दुसऱ्यांदा चहा मागितला तरी आपसूक तोंडातून निघायचं.

"तेल बदलू या," मिस्त्री म्हणाला. "तासाभराचं काम आहे."

बाबांनी स्टूल उचललं आणि बेडकीच्या मागे, तेलाच्या टाकीला टेकून मांडलं. बसले. मिस्त्रीने धाकटीकडे बघितलं आणि चहा प्यायला गेला.

धाकटी फ्रिज आणि शीतगृहं दुरुस्त करायची. तिच्या जगात दोनच आजार होते, गळती आणि गरमी. तिसरा कुठला आजार असेल तर गिऱ्हाईक खोटं बोलत असतं. शिवाय फ्रिजमध्ये एकदा भरलेला वायू फ्रिज मरेपर्यंत तोच राहतो. तो जुना झाला म्हणून कुणी बदलत नाही. तेव्हा तेल जुनं होतं, हे तिला कळत होतं पण पटत नव्हतं; आणि बाबांना पटवून द्यायचं काम आपल्याकडे येऊ नये म्हणून तिने स्वतःलाही फार पटू दिलं नाही.

"बाबा, बाटलीत काढून ठेवू या ना," तिने एकदाच म्हणून बघितलं. "झाकण घट्ट लावून. कपाटात."

"बाटलीत? तो काय खोकल्याचं औषध आहे?"

"अहो, जपून राहील."

"राहायचं नाहीये त्याला. फिरायचंय." बाबांनी मागे टाकीवर हात ठेवला. "फिरतंय तोवर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

मग धाकटीने मधला मार्ग काढला. मधला मार्ग म्हणजे ज्यात काम दसपट असतं आणि कुणालाच नाही म्हणावं लागत नाही. तेल बदलायचं नाही, तेल गार करायचं. बेडकीच्या नाकात, उजव्या दिव्यामागे, एक कूलर टांगायचा. पातळ जाळीचा, वाऱ्याच्या तोंडावर. मागच्या इंजिनातून तेल गाडीच्या पोटाखालून पुढे आणायचं, वाऱ्यावर निववायचं आणि परत मागे धाडायचं. मध्ये एक झडप. तेल गार असेल तर झडप बंद, तेल मागेच राहतं. तापलं की झडप उघडते आणि तेल पुढे चक्कर मारून येतं.

"म्हणजे डोकं तापलं की बाहेर फिरून यायचं," बाबा म्हणाले. "दादासारखंच."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि येताना ब्रेड आणायचा."

योजना मंजूर झाली. बाबांच्या हातून मंजूर झालेली ती बहुधा पहिलीच विनंती.

या कामासाठी धाकटीने सुट्या घेतल्या. बेडकीचा उजवा मडगार्ड आतून मोकळा केला. समोरच्या पत्र्यात वारा आत येण्यासाठी खिडकी कापावी लागणार होती. कापताना बाबा आत जाऊन रेडिओ मोठ्याने लावून बसले, आणि रेडिओवर शेतीविषयक सल्ला चालू होता तरी शेवटपर्यंत ऐकत राहिले. नळ्या जोडायच्या तर तेल आधी बाहेर काढणं भाग होतं. त्यासाठी आईने घरातलं सगळ्यात मोठं पातेलं दिलं.

"हे आता परत माझ्या ओट्यावर येणार नाही, सांगून ठेवते."

तेल पातेल्यात पडायला लागलं. जाड, काळं, आवाज न करता. बाबा पातेल्याशेजारी बसले. दवाखान्यात बसतात तसे, हात मांडीवर ठेवून, कुणी बाहेर येऊन काही सांगेल अशा बेताने. आई येऊन बघून गेली आणि परत आली ती ताटली घेऊन.

"झाकून ठेवा. मुंगी पडेल."

दुसऱ्या दिवशी तेल गाळलं. आईने मलमलीचं धुतलेलं फडकं दिलं, धाकटीने दोन टोकं धरली, बाबांनी दोन. मिस्त्री ओतत होता. तेल खाली गेल्यावर फडक्यावर बारीक रुपेरी चमचम उरली.

"काय सुंदर चमकतंय," बाबा म्हणाले.

मिस्त्रीला ठाऊक होतं की ती चमक म्हणजे इंजिनाच्या आतला झिजलेला धातू. धाकटीलाही ठाऊक होतं. मिस्त्रीने पातेल्यावर ताटली परत ठेवली आणि म्हणाला, "हो साहेब. छानच आहे."

कूलर आणि लांब नळ्या भरायच्या म्हणजे तेल जास्त लागणार. जुनं पुरणार नव्हतं, नवं मिसळणं आलं. त्यावर घरात दोन दिवस चर्चा झाली, जशी इतर घरांत सोयरिकीवर होते. शेवटी आईने निकाल दिला. "विरजण लावतो ना आपण? कालचं चमचाभर असतं, बाकी सगळं आजचं. म्हणून काय ते कालच्याचं नसतं?" बाबांना ते पटलं. नवं तेल ओतताना ते डब्याकडे बघून म्हणाले, "या. जरा सांभाळून घ्या."

मिस्त्रीचं आणि धाकटीचं वाजलं ते नळ्यांवरून. धाकटीने सबंध गाडीखालून तांब्याची नळी टाकली होती, आणि ती थेट कूलरच्या तोंडापर्यंत नेऊन, टोक फुलवून, नट आवळून बसवली होती. काम असं देखणं की बघत राहावं. सगळ्या वळणांना एकच गोलाई.

"ताई, शेवटी वीतभर तरी रबरी नळी घ्या," मिस्त्री म्हणाला. "तांबं असं ताठ ठेवू नका."

"माझा एक सांधा आजवर गळलेला नाही. कुणालाही विचारा."

"ते फ्रिजचे सांधे. फ्रिज कधी चढ चढतो का? खड्ड्यातून जातो का?"

"बायका ढकलतात ना झाडताना," धाकटी म्हणाली. मिस्त्री हसला, तीही हसली, आणि तो विषय त्या हसण्यात गेला. पुढे तिला हे सगळं शब्दाशब्दाने आठवणार होतं. पण आपण ठरवलंय की पुढे काही झालेलं नाही.

सुटीच्या दिवशी तिघं निघाली. बाबा गाडीवर, शेजारी धाकटी, मागे आई. बेडकीची मागची सीट ही सीट नव्हे, ती सीटची अफवा आहे. आई आडवी बसली, पाय एका खिडकीकडे, पाठ दुसऱ्या खिडकीकडे. "मला सामानाच्या दराने नेताय," ती म्हणाली.

चढ लागला. धाकटीचा जीव काट्यात. काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, बाबा नेहमी जिथून परत फिरायचे तो खांब मागे पडला. काटा हलला नाही. करपलेला वास नाही. मागे इंजिनाचा एकसुरी, समाधानी खरखराट, कुणी गाढ झोपल्यासारखा.

बाबा बोलायला लागले. दादाने या वळणावर पहिल्यांदा गाडी कशी बंद पाडली, त्याला किती शिव्या घातल्या, त्याने उतरून ढकलायला कसं लावलं. "मला! रस्ते खात्याच्या माणसाला, भर रस्त्यात!" आई मागून म्हणाली, "आणि तुम्ही मला सांगितलंत की पाठ अंघोळ करताना धरली." एवढं सलग ते दोघं दादाबद्दल, तो गेल्यापासून, बोलले नव्हते. धाकटी काट्याकडे बघत होती. तिला वाटलं, हे आपण केलं. तांब्याच्या नळीने आणि नटाने.

टाकीपाशी गाडी थांबवून बाबा उतरले. उजव्या दिव्यामागच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा गरम होता.

"आलंय इथवर," ते म्हणाले. आणि हात तिथेच ठेवून उभे राहिले. आईने सीटमधून निघायचा प्रयत्न केला, तो सोडून दिला आणि खिडकीतूनच हात बाहेर काढून बाबांचं कोपर धरलं.

उताराला दगडी फरसबंदी आहे. चढताना बेडकी हळू होती. उतरताना तिच्या दाताला दात लागत नव्हता. आई आडवी बसली असल्याने मागची काच फक्त तिलाच दिसत होती.

"अहो," ती म्हणाली, "आपल्या मागून कुणीतरी रेघ ओढतंय."

धाकटीने वळून पाहिलं आणि ओरडली, "बाबा, इंजिन बंद! बंद करा आधी!"

बाबांनी किल्ली फिरवली. आवाज थांबला. बेडकी नुसती घरंगळत बेकरीच्या वळणापर्यंत गेली आणि पायरीला लागून उभी राहिली. पुढच्या उजव्या चाकामागे काळं थारोळं भराभर मोठं होत होतं. धाकटी वाकून आत शिरली. नट जिथल्या तिथे होता. नटाच्या मागे नळी मोडली होती, कुणी सुरीने कापल्यासारखी, आणि तिथून तेल येत होतं. आधी धारेने. मग थेंबांनी.

बाबा गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ते गोळा करत होते. ओंजळ भरायची आणि मग ती कशात ओतायची हे कळत नव्हतं. धाकटीने पाण्याची बाटली रिकामी करून पुढे धरली. बाबांनी ओंजळीत बघितलं. तेलात माती होती, खडे होते, कुणाच्या तरी केकवरची कागदी झालर होती.

"आता नाही फिरायचं हे," ते म्हणाले, आणि बोटं सैल सोडली.

"बाबा, माझी चूक. मिस्त्री म्हणाले होते मला."



बेकरीवाला भुशाची बादली घेऊन आला, कोपरापर्यंत पिठाने पांढरा. "काका, जरा सरका. सांडलेल्या तेलावर ताबडतोब भुसा अथवा वाळू पसरावी, तसा नियम आहे. पाटीच लावलीय आमच्या दारात."

वाक्य बाबांचं होतं. नोकरीच्या भरात कधीतरी, टेबलावर बसून, त्यांनीच ते परिपत्रकात लिहिलं होतं. 'अथवा' त्यांचंच होतं. साहेबांना 'किंवा' हवं होतं आणि बाबा भांडले होते.

"द्या," बाबा उठून म्हणाले. "मी टाकतो."

आणि त्यांनी मूठ मूठ भुसा घेऊन टाकला, वळणापासून वर, रेघेच्या कडेने वाकून चालत, जिथवर बादली पुरली तिथवर. धाकटीला दुसरी बादली मागायचं धैर्य झालं नाही. बेकरीवाल्याने आपणहून आणली. थारोळ्याचा शेवटचा तळहाताएवढा तुकडा बाबांनी तसाच ठेवला आणि बादली परत दिली. बेकरीवाल्याने त्या तुकड्याकडे पाहिलं, बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आत पावाची वेळ झाली असं म्हणाला.

आई कशीबशी गाडीतून निघाली होती. अंगावरची शाल तिने पुढे केली. "पुसा हात."

"शाल आहे ती."

"पुसा म्हणते ना." आणि मग, रस्त्याकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही अशी ती बोलली. "त्या दिवशी त्याने टॉवेलला हात पुसले होते. दोन्ही हात उमटले होते, बोटांसकट. मी केवढी ओरडले त्याला. धुतला मी तो. दोनदा साबण लावला. मला काय माहीत."

बाबांनी शाल तिच्या खांद्यावर परत ठेवली. "नको. मग ती तू कधी धुणार नाहीस, आणि थंडीत कुडकुडत बसशील." त्यांनी हात आपल्या चांगल्या पँटला पुसले. आई काही म्हणाली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच.

मिस्त्रीने गाडी ओढून नेली. इंजिन वाचलं होतं, वेळेवर बंद केल्यामुळे. त्याने मोडकी नळी फिरवून फिरवून बघितली. "सांधा नाही गळला ताई. सांधा पक्काच आहे तुमचा." हे त्याने धीर द्यायला म्हटलं, आणि धाकटी गॅरेजाच्या मागे जाऊन बराच वेळ उभी राहिली. पुढे त्याने वीतभर रबरी नळी जोडली, सगळं नवं तेल भरलं. नव्या तेलावर बेडकी चढ अशी चढते की काटा मधोमधसुद्धा येत नाही. कूलरची झडप उघडायची वेळच येत नाही. कूलर पुढे नुसता टांगलेला आहे, वारा खात.

घरी कुणी काही बोललं नाही. आई विचारते, "तेल कसंय?" बाबा म्हणतात, "ठीक आहे." ती विचारते कुठल्या तेलाचं आणि ते सांगतात कुठल्या, हे दोघांनी एकमेकांना विचारलेलं नाही.

फक्त एका सकाळी बाबांनी टेबलावर कोरा कागद घेतला आणि जुन्या सवयीने डावीकडे समास सोडला. लिहून झाल्यावर धाकटीला हाक मारली.

"वाच. भाषा बघ फक्त."

धाकटीने उभ्या उभ्या वाचलं. मग खुर्ची ओढून बसून परत वाचलं.

"बाबा, हे कोण मंजूर करणार?"

"कोणीही नाही. मी त्या टेबलावर असतो तर मीही केलं नसतं."

"मग?"

"भाषा ठीक आहे ना?"

"'किंवा' करा एका ठिकाणी," ती म्हणाली. "सगळीकडे 'अथवा' झालंय."

त्यांनी केलं नाही. कागद तसाच गेला, तो असा:

'प्रति, रस्ते खाते. विषय: बेकरीच्या वळणावरील डागाबाबत. महोदय, उपरोक्त वळणावर, पायरीलगत, तळहाताच्या आकाराचा तेलाचा एक डाग आहे. सदर तेल अर्जदाराच्या मुलाने स्वहस्ते भरलेले असून ते दुसरीकडे कोठेही शिल्लक नाही. तरी सदर डाग धुण्यात अथवा खरवडण्यात येऊ नये. त्यावर भुसा, वाळू अथवा नवीन डांबर टाकण्यात येऊ नये. वाहनांनी तो वगळून वळण घ्यावे. तसेच पाऊस पडल्यास तो सदर जागा सोडून पडावा, याबाबत संबंधितांना आपल्या स्तरावरून योग्य ते आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.'